एका घरात दोन झेंडे आणि लेकीची हळद

घणसोली गावातून एका वहिनींचं पत्र आलंय, वहीच्या चार पानांवर लिहून त्याचे फोटो काढून पाठवलेत. नाव छापू नका म्हणाल्यात. पक्षांची नावं मी स्वतःच काढून टाकलीत, कारण ती ठेवली की अर्धे लोक पत्र पूर्ण वाचायच्या आधीच बाजू घेऊन मोकळे होतात. बाकी काय लिहिलंय ते थोडक्यात सांगते.

गावठाणात घर आहे. तळमजल्यावर धाकटा दीर आणि जाऊ, वर वहिनी, मिस्टर आणि दोन मुलं, त्याच्यावर गच्ची. सासरे वारल्यापासून सासूबाई दोन्हीकडे असतात, म्हणजे झोपायला खाली आणि दुपारच्या चहाला वर. जानेवारीतल्या महापालिका निवडणुकीत दोघे भाऊ दोन वेगवेगळ्या पॅनलसाठी फिरले. गच्चीवर बॅनर कोणाचा लागणार इथून सुरुवात झाली. निकालाच्या दिवशी मिस्टरांचं पॅनल आलं तर त्यांच्या पोरांनी दिराच्या दारासमोरच फटाक्यांची माळ लावली, दीर बाहेर आला, आणि सगळ्या आळीसमोर म्हणाला, "पोरीच्या लग्नाला बघू कोण उभं राहतंय ते." त्याच रात्री तो फॅमिली ग्रुपमधून लेफ्ट झाला. तेव्हापासून भावाभावात एक शब्द नाही. आता मुलीचं लग्न मे महिन्यात आहे आणि मिस्टर म्हणतात पत्रिकेत त्याचं नाव टाकायचं नाही, हळदीला बोलवायचं नाही. पत्राच्या शेवटी वहिनी विचारतात, "ताई, मी सगळ्यांशी प्रेमाने वागते, दोघांना सांगते राजकारण सोडा, आपण एक आहोत, पण कोणी ऐकत नाही. मी कुठे कमी पडते?"

वहिनी, तुम्ही कुठेही कमी पडत नाही. हे आधी सांगते, कारण तुमचं पत्र वाचताना मला सारखं जाणवत होतं की दोन मोठ्या माणसांनी केलेलं ओझं तुम्ही एकट्या डोक्यावर घेऊन जिना चढउतार करताय. पण तुमचं एक वाक्य मात्र आजपासून बंद करा. "राजकारण सोडा" हे.

तुम्ही ते मायेने म्हणता हे मला कळतं. पण दिराच्या कानाला ते कसं ऐकू येत असेल बघा ना. तुम्हीच लिहिलंय की तो कॉलेजात असल्यापासून पक्षाचं काम करतो, कोणाला दवाखान्यात न्यायचं असेल, पोराचं ॲडमिशन असेल, लाईट गेली असेल तरी लोक आधी त्याला फोन करतात. त्याचे मित्र तिथले, त्याची ओळख तिथली. त्याला राजकारण सोड म्हणणं म्हणजे तू गेली वीस वर्षं जे केलंस ते फुकट गेलं असं म्हणण्यासारखं आहे, आणि मिस्टरांच्या बाबतीतही तेच. मग तुमचं पुढचं कितीही चांगलं बोलणं असू दे, त्यांचे कान त्या वाक्याला मिटलेले असतात.

आणि खरं सांगू का, तुमच्या घराने राजकारण सोडलं असतं तर आज ते घर आहे तसं राहिलं असतं का? तुम्ही लिहिलंय जिन्याच्या वळणावर भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटलांचा फोटो आहे, सासऱ्यांनी लावलेला, आणि सासरे जासईच्या आंदोलनात होते. सिडकोने नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घेतल्या, शेतं गेली, मिठागरं गेली, आणि मोबदला किती मिळाला ते तुमच्या सासूबाईंना विचारा, त्या बोटावर मोजून सांगतील. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला जासई परिसरात पोलिसांचा गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्या लढ्यातून पुढे जमिनी गेलेल्यांचा साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क उभा राहिला. हे सगळं राजकारणच होतं. दि. बा. शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे शेकापचे, पण आज त्यांचा फोटो कुठल्या पक्षाच्या घरात नाही ते सांगा मला. तुमच्या घरात बॅनरवरून एवढं झालं, पण तो फोटो दोघांपैकी एकानेही हलवला नाही. दोघेही रोज त्याच्यासमोरून जातात येतात.

तुमच्या पत्रात अजून एक ओळ आहे, तुम्ही ती अशीच जाता जाता लिहिलीय, पण मी तिथे बराच वेळ थांबले. 10 जून 2021 ला नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून जी मानवी साखळी झाली त्यात दोघे भाऊ शेजारी शेजारी हात धरून उभे होते. तेव्हा पण दोघे वेगळ्याच पक्षांत होते ना? तेव्हा पण वर मुंबईत नेते एकमेकांना वाट्टेल ते बोलत होते. त्या साखळीमागची कृती समिती सर्वपक्षीय होती, कोणी कोणाला आधी तुझा झेंडा खाली ठेव मग ये असं म्हटलं नाही. म्हणजे वेगळं मत असून हात धरता येतो हे तुमच्या घरातल्या दोघांनाही करून माहिती आहे. तुम्हाला त्यांना एकमत करायला लावायचंच नाहीये. ते होणार नाही, आणि झालं पाहिजे असंही मला वाटत नाही.

आता मी थोडी खोदते, राग मानू नका.

तिसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय, "तसं प्लॉटचं पण थोडं आहे, पण ते जुनं आहे." वहिनी, ते जुनं नाहीये. मला इतक्या वर्षांत बेलापूरपासून दिघ्यापर्यंत आणि इकडे कळव्यापर्यंत जेवढी पत्रं आली, त्यात भावाभावाचं भांडण नुसत्या झेंड्यावरून झालेलं मला क्वचितच दिसलं. जमिनीबद्दल बोलायची लाज वाटते, आपल्याच भावाकडे हिशोब मागायचा कसा, म्हणून ते पोटात राहतं, आणि निवडणूक आली की त्या रागाला बाहेर पडायला एक दार मिळतं, कारण पक्षावरून ओरडायला कोणाला लाज वाटत नाही. सासरे मृत्युपत्र न करता गेले, कागदावर वारस कोण कोण लागले, बिल्डरशी कोण बोललं, सही कोणाची झाली, हे कधीतरी सगळ्यांनी मिळून बसून बघावंच लागेल. आणि तुमच्या नणंदेला विसरू नका, लग्न होऊन तुर्भ्याला गेली म्हणून तिचा हक्क जात नाही, मुलगी पण मुलाइतकीच वारस आहे. तुमच्या चार पानांत तिचा उल्लेख एकदाच आलाय, भाऊबीजेला.

पण हे लग्नाआधी काढू नका. प्लीज. हळद आणि प्लॉट एका बैठकीत आणले की दोन्ही बिघडतात. आत्ता मिस्टरांना फक्त एवढंच सांगा की लग्न झालं की पावसाळ्यात एक रविवार काढू, तुर्भ्याच्या ताईला बोलवू, एखादा वकील बघू जो दोन्ही पक्षांतला नाही, आणि कागद समोर ठेवून बसू. तारीख ठरली की माणूस शांत होतो असा माझा अनुभव आहे, प्रश्न सुटलेला नसतो, पण कोणीतरी तो मान्य केलेला असतो.

आता लागलेलं काय आहे ते बघू. तुमच्या मिस्टरांना दिराचा पक्ष लागलेला नाही, तो तर वीस वर्षं आहेच. त्यांना ते वाक्य लागलंय, पोरीच्या लग्नाला कोण उभं राहतंय ते. बाप आहेत हो ते. आगरी घरात मुलीच्या हळदीला काका मांडवात नसेल तर पाहुणे ताट हातात घेऊन पहिला प्रश्न तोच विचारतात, आणि हे दिराला माहीत होतं, म्हणूनच तो ते बोलला. ते वाईट बोलला. प्रेमाने वागायचं म्हणजे हे गिळून टाकायचं असं माझं म्हणणं अजिबात नाही, गिळलेलं कधीतरी परत वर येतं. आणि दुसरीकडे दिराच्या दारासमोर माळ लागली, आत त्यांची आई बसली होती, तिला दम्याचा त्रास आहे असं तुम्हीच लिहिलंय. मिस्टरांनी स्वतः काडी लावली नसेल, पण पोरं त्यांची होती आणि त्यांनी थांबवलं नाही.

म्हणून माफी मागायची ती छोटी आणि नेमकी ठेवा. दिराने निवडणुकीबद्दल माफी मागायची नाही, पक्षाबद्दल नाही, त्याने फक्त पुतणीबद्दल बोललेलं एक वाक्य मागे घ्यायचं. मिस्टरांनी निकालाबद्दल काही बोलायचं नाही, ते जिंकले आनंद आहे, त्यांनी फक्त आईच्या दारासमोरच्या माळेबद्दल बोलायचं. मोठी माफी कोणी मागत नाही, त्यात सगळा स्वाभिमान जातो. छोटी मागायला माणूस एखाद वेळी तयार होतो, त्यातून त्याला आपला झेंडा हातात ठेवूनच मागता येत असेल तर जास्तच.

हे निरोप कोणाकडून जाणार? इथे मला तुमच्या पत्रातली सगळ्यात आवडलेली गोष्ट आठवते. तुम्ही लिहिलंय की पुरुष मंडळी घरात नसली की जाऊ मागच्या जिन्याने तांदळाच्या भाकऱ्या वर पाठवते, फडक्यात गुंडाळून, वाफ अजून आत असते, आणि तुम्ही त्याच फडक्यात जवळ्याची चटणी बांधून खाली पाठवता, आणि हे तुम्ही चोरी केल्यासारखं लिहिलंय. चोरी कसली त्यात! निवडणूक झाली, माळ लागली, ग्रुप सुटला, आणि तुम्ही दोघी एक दिवस पण थांबला नाहीत. मला ते वाचून खूप बरं वाटलं. तो जिना बंद करू नका, आणि आता जाऊबाईंना नुसती चटणी पाठवू नका, स्वतः जा, पाच मिनिटं बसा, आणि सांगा की तुझ्या भाऊजींना पक्षाचं काही नाही, तुझे मिस्टर पोरीचं बोलले ते लागलंय. तिला पण तिचं सांगू दे, ती माळेचं सांगेल, मध्ये बोलू नका.

माझ्या स्वतःच्या घरचं सांगते. आम्ही ठाण्यातले, नौपाड्यातले. बाबा पक्के समाजवादी आणि काका रोज पहाटे संघाच्या शाखेत जाणारे, एकाच घरात, एकाच मोरीवर दाढ्या करायचे. रविवारी काका चेंदणी कोळीवाड्यातून मांदेली आणायचे कारण बाबांना आवडायची, आणि ती खाता खाता दोघं असे भांडायचे की शेजारचे खिडकीत यायचे. मग आजीने एक नियम केला, ताटावर दिल्ली नाही. जेवण होईपर्यंत दिल्लीचा विषय काढायचा नाही, हात धुतले की मग खुशाल काढा. तिने कोणाला गप्प केलं नाही, फक्त जागा आणि वेळ ठरवून दिली. मतदानाच्या दिवशी दोघं सकाळी बरोबर जायचे, एकमेकांची मतं कापून यायचे आणि येताना मामलेदारची मिसळ खायचे, पैसे कोण देणार यावर परत भांडण. 1977 ला एकदाच दोघांचा शिक्का एका खुणेवर पडला, जनता पक्षात तेव्हा समाजवादी पण होते आणि जनसंघ पण. बाबा सांगायचे की त्या दिवशी काय बोलावं तेच दोघांना सुचेना. बाबा आजारी पडले तेव्हा सिव्हिल हॉस्पिटलच्या बाकड्यावर अकरा रात्री काकाच झोपले. मत त्यांचं शेवटपर्यंत बदललं नाही, बाबांचंही नाही.

तुमच्याकडे आजीच्या जागी सासूबाई आहेत. त्यांना मध्यस्थ करू नका, या वयात दोन मुलांमध्ये उभं करू नका, पण नियम त्यांच्या तोंडून येऊ दे. आई वर चहाला आली की निवडणुकीचा विषय नाही, खाली झोपायला गेली की नाही. एवढाच.

बोलायचं कसं याबद्दल पण विचारलंयत. अमेरिकेत मायामी शहरात एक प्रयोग झाला होता, 2016 मध्ये सायन्स नियतकालिकात छापून आला, डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला या दोघांचा. विषय ट्रान्सजेंडर लोकांबद्दलच्या पूर्वग्रहाचा होता. कार्यकर्ते घरोघर गेले, पण मुद्दे मांडून पटवायला नाही, त्यांनी समोरच्याला विचारलं की तुम्हाला कधी कोणी वेगळं म्हणून वागवलं का, तेव्हा काय वाटलं, आणि मग ऐकून घेतलं. दहा एक मिनिटांचं बोलणं, आणि त्याचा परिणाम तीन महिन्यांनी पण टिकलेला दिसला. मला हे वाचून आपल्याकडच्या ओट्यावरच्या बायका आठवल्या, त्या हेच करतात की. म्हणून दिराला भेटाल तेव्हा त्याचा पक्ष कसा चूक हे नको आणि मिस्टरांचा कसा बरोबर हे तर नकोच. त्याला विचारा, भावोजी, त्या दिवशी माळ लागली तेव्हा तुम्हाला काय झालं? आणि मग थांबा. गप्प बसायला लागलं तर गप्प बसा, तुम्हाला ते जड जाईल, कारण घरातल्या शांततेची सवय तुम्हालाच नाहीये आता, लगेच काहीतरी बोलून भरून काढावंसं वाटेल.

व्हॉट्सॲपवर यातलं काहीही करू नका. ग्रुपमध्ये त्याला परत ॲड पण करू नका, त्याला वाटेल तेव्हा येईल. सकाळचे एकतेचे, प्रेमाचे सुविचार पाठवता ना तुम्ही, ते पण काही दिवस थांबवा, राग आलेल्या माणसाला तो टोमणा वाटतो.

मिस्टरांची एक अडचण तुम्ही लिहिलेली नाही पण मला दिसतेय. भावाला बोलावलं तर पक्षातली पोरं काय म्हणतील. ही भीती खरी असते, तिला हसू नका. त्यांना एवढंच आठवून द्या की गावातल्या कुठल्याही मोठ्या हळदीला सगळ्या पक्षांचे नेते येतात, एकाच सोफ्यावर बसून फोटो काढतात आणि मटण वडे खाऊन जातात. नेत्यांना जमतं ते सख्ख्या भावांना का नाही? आणि एक मोठं नाव घेते, कारण ही घरगुती गोष्ट लोकांना माहीत आहे. 1960 ला बारामतीला लोकसभेची पोटनिवडणूक होती, शरद पवारांचे थोरले बंधू वसंतराव शेकापचे उमेदवार, आई शारदाबाई शेकापच्या, आणि शरद पवार स्वतः काँग्रेसच्या प्रचाराला फिरले. सख्ख्या भावाच्या विरोधात. तुम्हाला ते नेते आवडोत न आवडोत, ते घर त्या निवडणुकीने तुटलं नाही, आईने पोराला घराबाहेर काढलं नाही. तुमच्या मिस्टरांच्या पोरांना हे सांगता येईल.

एक मात्र बजावून सांगते. एवढं करून जर दीर परत मुलीबद्दल वाईट बोलला, किंवा कोणी हात उचलायच्या गोष्टी केल्या, तर तुम्ही मागे व्हा. मग ते तुमचं काम राहत नाही, गावातल्या जाणत्या माणसांचं राहतं. लेकीच्या लग्नात तुम्ही आई म्हणून उभं राहायचंय, दोन्हीकडून मार खाणारी भिंत म्हणून नाही.

आता पत्रिका. छापायला कधी टाकताय? मार्चअखेर म्हणालात. तर त्याच्या आधी मिस्टर एकटे असतील तेव्हा, गच्चीवर, जेवण झाल्यावर, एवढंच म्हणा की मला पत्रिकेत काकाचं नाव हवंय, तो आला तर आला, नाही आला तर तो त्याचा निर्णय, पण आपल्या पोरीला काका आहे हे आपल्या हाताने खोडायचं नाही. जास्त बोलू नका, उत्तर लगेच मागू नका, दोन दिवस द्या. ते माणूस म्हणून वाईट नाहीत हो, तुमच्या पत्रात दिसतं, निकालाच्या रात्री ते पण जेवले नव्हते.

पत्रिका आल्या की पहिली गावदेवीला ठेवाल, दुसरी खाली जाऊ दे. आणि ती तुम्ही नेऊ नका, मिस्टरांना पण पाठवू नका, लेकीला पाठवा. तिला लहानपणी काकाने खांद्यावर बसवून पालखी दाखवलीय असं लिहिलंयत तुम्ही. तिला फोन करून, वेळ विचारून जायला लावू नका, संध्याकाळी दिवा लागला की अक्षता घेऊन पुढच्या जिन्याने, दि. बां.च्या फोटोसमोरून जाऊ दे. तिने काही पाठ करून जायची गरज नाही. काका, तुम्ही हळदीला मांडवात हवे आहात, एवढं म्हणाली तरी खूप झालं.

पत्रिका छापून आली की मला एक पाठवाल? मला त्यातलं निमंत्रकांमधलं काकाचं नाव वाचायचंय.